बारक्याला सोडवत नाही

ता. ३, सोमवार

बारक्या,

आशीर्वाद शेवटी. आधी मला सांग, हे लिहायला तुला लाज वाटली नाही? आणि लिहिलंस ते तरी किती, दोन ओळी? "ताई, माझ्याच्याने सोडवत नाही. असंच चाललं तर सर मला संघातून काढून राखीव खेळाडूला घेतील. कोणाला बोलू नकोस." झालं! एवढं लिहून तू मोकळा. इकडे मी हातात दाभण घेऊन उभी, समोर गिऱ्हाइकाचा सोफा पोट फाडून पडलेला, आणि मला कळेना टाका कुठे घालू.

काय सोडवत नाही? बाटली? सिगारेट? का कोणी बाई आहे? बाई असेल तर तिच्या घरी कोण कोण आहे ते आधी कळव, मग मी चिडायचं का नाही ते ठरवीन. पण माझा अंदाज बाटलीचा आहे. एवढी मोठी स्पर्धा, पंधरा-वीस देशांची माणसं येणार, आणि आमचे चिरंजीव प्यायचे म्हणून बाकावर बसणार! तुझ्या नेमबाजीपायी मी मागच्या अंगणात टाकाऊ गाद्यांची भिंत रचून दिली. एकेका गादीला इतकी भोकं पाडलीस की तिच्यातून चहा गाळता येईल. कधी बोलले? बोलले असेन. पण गाद्या दिल्या ना?

कोणाला बोलू नकोस म्हणालास म्हणून मी कोणालाच बोलले नाही. फक्त तुझ्या दाजींना. आणि शेजारच्या चावीवाल्याला, कारण तो स्वतः दारू सोडून बसलाय, त्याला अनुभव आहे. त्याने बायकोला सांगितलं असेल तर तो त्यांच्या घरातला प्रश्न. तो म्हणाला, तलफ आली की दाढेखाली लवंग धरायची. पुडी सोबत पाठवली आहे.

सरांना मी वेगळं पत्र टाकलंय. घाबरू नकोस, चांगल्या शब्दांत लिहिलंय. माझा भाऊ वाईट नाही, त्याला एक सवय लागली आहे, कोणती ते तुम्ही त्याच्या तोंडाचा वास घेऊन ओळखा आणि मारूनमुटकून सोडवा, असं.

आता आशीर्वाद.

ताई


ता. ७, शुक्रवार

ताई,

बाण. बाण सोडवत नाही. धनुष्यबाणातला बाण!

सरांनी तुझं पत्र वाचलं. ते हसले नाहीत, ते कधीच हसत नाहीत. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. मग दोघांनी आळीपाळीने माझ्या तोंडाचा वास घेतला. अशा स्पर्धेआधी कोणी लेखी शंका घेतली की तपासावंच लागतं म्हणे. मग बाटलीत लघवी करायला लावली, आणि डॉक्टर समोर उभे. माझ्याच्याने तीही सोडवेना. तासभर पाणी पीत बसलो. तेवढ्यात तुझी लवंगांची पुडी सापडली, तीही तपासायला गेली. निकाल येईपर्यंत मी मैदानाबाहेर. लांब्या मला 'बेवडा' म्हणतो. काल जेवताना त्याने माझ्या पेल्यातलं पाणी हुंगून मग मला दिलं.

आता नीट वाच. आमचं धनुष्य चाकांचं असतं, तुला माहीत आहे. पूर्ण ओढलं की ताण एकदम कमी होतो, म्हणून माणूस निवांत धरून उभा राहू शकतो. तिथेच माझी पंचाईत. भिंगातून निशाणाचा मधला पिवळा गोल दिसतो, ठिपका बरोब्बर मध्ये बसतो, आता फक्त अंगठ्याने खटका दाबायचा, आणि अंगठा दगड होतो. मी त्याला मनात सांगतो, दाब. तो दुसऱ्या कोणाचा तरी अंगठा असल्यासारखा ऐकत राहतो.

एकट्याची स्पर्धा असती तर चाललं असतं. पण आम्ही तिघं आहोत: लांब्या, मास्तर आणि मी. (मास्तर म्हणजे खरोखरचे मास्तर, शाळेत भूगोल शिकवतात.) तिघांनी मिळून सहा बाण मारायचे, वेळ दोन मिनिटं. एक जण मारून मागे आला की मगच दुसऱ्याने रेषेवर जायचं. मी रेषेवर पुतळा होऊन उभा राहतो आणि त्या दोघांची वेळ खातो. मास्तर काही बोलत नाहीत. मुलं फळ्यापाशी गप्प उभी राहण्याची त्यांना सवय आहे.

फोन सरांच्या कपाटात आहेत. नाहीतरी रविवारी मिळतो तेव्हा तूच बोलतेस. म्हणून लिहितो. सरांना आता काही लिहू नकोस. पाया पडतो.

बारक्या


ता. ११, मंगळवार

बारक्या,

वाचलं आणि फोमच्या ढिगावर बसले. ढीग खचला, मी आत. दाजींनी हात देऊन काढलं आणि विचारलं काय झालं. मी म्हटलं, बाण आहे. ते म्हणाले, कुठे लागला?

आता तूच सांग, माझी काय चूक? "सोडवत नाही" म्हटल्यावर शहाणं माणूस काय समजेल? पण मी शहाणी असते तर आधी विचारलं असतं, हेही खरं. शाळा मी चौथीत सोडली. आयुष्यात तेवढं एकच मला झटकन सोडता आलं. त्यामुळे अर्थ लावायचं काम मी आवाजाच्या जोरावर करते.

गल्लीत सगळं निस्तरत फिरले. चावीवाल्याला सांगितलं की आमचा बारक्या पीत नाही, तर त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "मला जरा सोबत झाली असती." त्याच्या बायकोचा अजून विश्वास नाही. म्हणते, "घरचे असंच म्हणतात, ताई." मी तिला पुढे काय बोलले ते लिहीत नाही. तिची उशी शिवायला आली होती, ती तशीच परत गेली.

पण मला एक सांग. इथे तर तू फटाफट मारायचास. दगडबिगड काही नव्हतं. मी हा विचार काल दिवसभर एका आरामखुर्चीच्या पाठीवर बसवला. खुर्ची वाकडी शिवली गेली, पण उत्तर सापडलं. इथे मी होते! तू अंगणात बाण ताणून उभा, दोरीवर माझी धुतलेली कव्हरं, आणि तू मारल्याशिवाय मला अंगणात पाऊल टाकता येत नाही. म्हणून मी मागच्या दारातून ओरडायचे, "सोड की मेल्या, मला काय दुसरी कामं नाहीत?" आणि तू सोडायचास. रोज. वर्षानुवर्षं. अरे, तुझा खटका अंगठ्यात नाहीच, माझ्या घशात आहे.

म्हणजे मीच तुला बिघडवलं. कव्हरं काढायच्या घाईत एक धनुर्धर बिघडवला. पण बिघडवायचं कसं ते कळलं तर चालवायचंही कळतं. मागे कोणीतरी उभं राहून ओरडायला हवं, बस.

सरांना लिहू नकोस म्हणालास. ती ओळ शेवटी होती, तिथवर वाचायच्या आधीच मी त्यांना माफीचं पत्र टाकलं होतं, ते पोचेल. हे ओरडायचं कळवायला दुसरं टाकावं लागलं. माफीच्या पत्रात ते बसलं नसतं.

ताई


ता. १६, रविवार

ताई,

निकाल आला. मी स्वच्छ, लवंगाही स्वच्छ. मैदानात परत घेतलंय.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी पोचली. सरांनी आधी दुसरं वाचलं, मग पहिलं, आणि दोन्ही घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "आपल्या भगिनी काय म्हणतात ते करून पाहू." सर सगळ्यांना अहो-जाहो करतात, मैदान झाडणाऱ्यालासुद्धा. मी बाण ताणला. सर मागे येऊन उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "सोडा."

काही नाही. अंगठा दगड.

"सोडा!" सर जरा मोठ्याने.

लांब्या म्हणाला, "लिंबू घालून की साधा?" त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

मग लांब्याने करून पाहिलं, "सोड रे, सोड ना यार." त्याचा काय उपयोग? तो मला विनवतोय का दरडावतोय तेच कळत नव्हतं. शेवटी मास्तर पुढे आले. मला विचारलं, "ताई नक्की काय म्हणतात? शब्दाला शब्द सांग." मी सांगितलं. त्यांनी एकदा पुटपुटून पाहिलं आणि मागच्या बाकावरच्या पोरांवर ओरडतात तो आवाज लावला, "सोड की मेल्या, मला काय दुसरी कामं नाहीत?"

ताई, बाण कधी सुटला मला कळलं नाही. पिवळ्याच्या मधोमध. परत ताणला, परत मास्तर ओरडले, परत मधोमध. सरांनी टोपी काढून डोकं पुसलं.

आता आमचा हाच सराव चालू आहे. मास्तर मनापासून करतात. मला विचारतात, जोर 'सोड'वर द्यायचा की 'मेल्या'वर, ताई शेवटी आवाज चढवतात की पाडतात. रोज थोडे जास्त तुझ्यासारखे होत चाललेत. काल त्यांनी जेवताना लांब्याला "ताटात काही टाकायचं नाही" म्हटलं आणि मी दचकून उभा राहिलो. बाहेरचे संघ येऊन पोचलेत, ते मागे उभे राहून ऐकतात. त्यांना वाटतं ही आमची काहीतरी प्रार्थना आहे.

संघात माझी जागा पक्की झाली. पुढच्या रविवारी अंतिम सामने. तिथवर पोचलो तर.

एकच मागणं आहे. तू बघायला येऊ नकोस. रागावू नकोस, पण तू समोर दिसलीस की मी धनुर्धर राहत नाही, अंगणातला बारक्या होतो. टीव्हीवर दाखवणार आहेत, तिथे बघ. शब्द दे.

बारक्या


ता. १९, बुधवार

बारक्या,

मी कशाला येते? इथे तीन सोफे उघडे पडलेत आणि दाजींना एक टाका नीट घालता येत नाही. मला काय तुझे बाण मोजत उन्हात बसायची हौस आहे? शब्द दिला.

मास्तरांना माझा नमस्कार सांग. जोर 'सोड'वर द्यायचा. 'मेल्या' आपोआप येतं, त्याला जोर लागत नाही.

रविवारी दुकान बंद ठेवून मी घाऊक बाजारात फोम आणायला जाणार आहे. संध्याकाळपर्यंत घरी सापडणार नाही. उगाच फोन करशील म्हणून कळवते, बाकी काही नाही.

ताई


ता. २५, मंगळवार

ताई,

फोन परत मिळालाय, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून हे.

रुपं मिळालं, ते तुला कळलंच असेल. सगळे अभिनंदन करतात. मी मात्र ते पदक मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी टाकलंय.

शेवटच्या फेरीत समोरच्या संघाचे सगळे बाण झाले होते. आमचा एकच उरला होता, माझा. दहा लागला तर सोनं, नऊ लागला तर बरोबरी, त्याच्या खाली गेला तर रुपं. मी ताणला. ठिपका मध्ये बसला आणि अंगठा दगड झाला. मी मास्तरांच्या आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज येईना. धरून धरून हात दमला, ठिपका पिवळ्यातून खाली घसरला. म्हणून मी ठरवलं, दोरी सैल करायची, श्वास घ्यायचा, परत ताणायचं. नऊ सेकंद उरले होते. जमलं असतं. मी हात सैल करायला लागलो आणि नेमक्या त्याच क्षणी मास्तर ओरडले, "सोड की मेल्या!"

आणि मी सोडला. पिवळ्याबाहेर, लालात. आठ.

मास्तर म्हणतात, मी ओरडलोच नाही. ते म्हणतात, "मी तुला हळूच 'खाली घे' म्हणालो." ताई, मी माझ्या कानांनी ऐकलं. लांब्याने ऐकलं. सरांनी ऐकलं. तो आवाज त्या मैदानावर दुसऱ्या कोणाचा असणार? एवढे दिवस तेच तर काढतायत. मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक झाली तर झाली मास्तर, पण खोटं तरी बोलू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि धनुष्य पेटीत भरायला लागले. परतताना बसमध्ये एकटे पुढे बसले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

सरांनी आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "मास्तर, आपण पुढच्या स्पर्धेला विश्रांती घ्यावी." पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संघ ठरतो. राखीव खेळाडू आत, मास्तर बाहेर. आणि खरं सांगू? मला वाईट वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगतो.

तू टीव्हीवर पाहिलंस का? का फोमच आणत होतीस?

बारक्या


ता. २८, शुक्रवार

बारक्या,

मास्तर खोटं बोलले नाहीत. ओरडले ती मी.

बस आता खाली, उभ्याने वाचू नकोस.

मी आले होते. शब्द दिला होता आणि आले होते. आदल्या संध्याकाळच्या गाडीने निघाले, दाजींना फोमचं सांगितलं. डोक्याला ओढणी गुंडाळली होती, चावीवाल्याकडून त्याचा काळा चष्मा मागून घेतला होता. चष्मा त्याच्या नंबरचा निघाला. त्यामुळे तुझा पहिला सामना मी जो पाहिला तो बहुतेक दुसऱ्याच कोणाचा तरी होता, मी टाळ्या मात्र भरपूर वाजवल्या. मग चष्मा काढून पिशवीत टाकला आणि एका मोठ्या टोपीवालीच्या मागे बसले. मला वाटत होतं, मी इतकी लपलेय की मलाच मी सापडणार नाही.

तू म्हणतोस तसंच झालं. तू ताणलास आणि उभा. घड्याळाचे आकडे लाल झाले. मला तुझी पाठ दिसत होती, बारक्या, आणि तुझ्या पाठीवरून मला कळतं तू आता अडकलास. मी मनातल्या मनात म्हटलं, सोड की मेल्या. देवाशपथ मला वाटलं मनातल्या मनात म्हटलं. शेजारच्या माणसाने कानावर हात ठेवला तेव्हा कळलं की तोंडातून गेलं. टोपीवालीची टोपी पुढे सरकली. आणि माझा आवाज तुला माहीतच आहे. इतकी वर्षं शिवणयंत्राच्या घरघरीवरून बोलून तो तसा झालाय. मैदान काय, नदीपलीकडे जाईल.

मग लाल.

मास्तरांना मी वरून पाहिलं. त्यांचा तळहात असा जमिनीकडे दाबलेला होता, खाली घे, खाली घे. पोराला थोपटतात तसा. ते ओरडणार नव्हते. त्यांना कळलं होतं तुझा हात सुटतोय. एवढे दिवस माझा आवाज काढूनसुद्धा त्या माणसात माझा उतावीळपणा आला नाही, हे त्याचं शिक्षण. माझ्यात तो जन्मापासून आहे.

पदक देताना मी खांबाच्या मागे उभी होते. खाली उतरून तुला भेटायचं धाडस झालं नाही. मी, आणि धाडस झालं नाही, लिहून ठेव कुठेतरी. मास्तर तुम्हा दोघांच्या शेजारी टोकाला उभे होते, हात मागे बांधून. मला वाटलं, दमले असतील. मला काय ठाऊक की माझा आवाज त्यांच्या नावावर जमा झालाय? मी तर घाबरून होते की तू ओळखलंस! आल्यापासून तुझ्या फोनची वाट बघत होते, तू शिव्या घालशील म्हणून. शिव्या ऐकायची तयारी केली होती, उत्तरंसुद्धा तयार होती. आणि आलं काय, तर हे पत्र.

आणखी ऐक. घरी आले तर दाजी दारात. म्हणाले, "फोम कुठाय?" मी म्हटलं, चांगला नव्हता. ते म्हणाले, "टीव्हीवर तुझा आवाज आला." तेवढंच. नंतर चावीवाला चष्मा घ्यायला आला आणि म्हणाला, "ताई, शेवटचं ओरडणं जरा लवकर झालं." अख्ख्या गल्लीने ओळखला माझा आवाज. दूधवाल्याने ओळखला. आणि तू, ज्याच्या अंगठ्यात तो बसलाय, त्या तुला मास्तरांचा वाटला! मी रागावू का कौतुक करू मास्तरांचं, मला कळत नाही.

सोनं मी घालवलं का? घरात यावर दोन पक्ष आहेत. माझं म्हणणं, नऊ सेकंदात तू काय दिवे लावले असतेस? नऊ सेकंदात तू इथे चपलासुद्धा घालत नाहीस. मी ओरडले नसते तर तो बाण तुझ्या हातातच राहिला असता आणि आठाच्या जागी शून्य पडलं असतं. दाजींचं म्हणणं, जमलं असतं. ते एरवी कशातच पक्ष घेत नाहीत, त्यामुळे मला भीती वाटते की त्यांचंच खरं असेल. असो. घालवलं असेल तर मी घालवलं. मास्तरांनी नाही.

मी सरांना पत्र लिहायला घेतलं होतं. चार ओळी झाल्या आणि थांबले. माझ्या आधीच्या पत्रांनी तिथे काय काय केलं ते आठवलं. शिवाय माझ्या पत्राने सर मास्तरांना संघात घेतील, पण तू त्यांना सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालास ते कोण काढणार? ते तुझ्या तोंडून गेलंय. माझ्या लिहिण्याने ते पुसलं जाणार नाही.

तेव्हा असं कर. मास्तरांच्या घरी जा. फोन नाही, स्वतः जा. घरात त्यांची माणसं असतील, पोरं असतील, त्यांच्यासमोरच सांग. खोटं बोलले म्हणालास तेव्हाही लोक होतेच ना? सांग की ओरडणारी बाई माझी बहीण होती, ती शब्द मोडून आली होती, आणि तिला बघायचीही धड अक्कल नाही, तिने अर्धा दिवस दुसऱ्याच कोणासाठी टाळ्या वाजवल्या. हसू दे त्यांना. मला हसले तर मला चालेल. तुला हसले तर तुला चालवून घ्यावं लागेल. मग त्यांना घेऊन सरांकडे जा, दोघं मिळून. तिथे मास्तर काही बोलणार नाहीत, त्यांचा स्वभावच तसा दिसतो, तेव्हा बोलायचं तुलाच आहे. मागे कोणी ओरडणार नाही. मीही नाही.

संघ येत्या शुक्रवारी ठरतो म्हणालास. मला बुधवारपर्यंत उत्तर पाहिजे. पदकाचं, पुढच्या स्पर्धेचं, तुझ्या अंगठ्याचं नंतर बघू. तू गेलास का, आणि मास्तर तुझ्याशी बोलले का, एवढंच लिही. गुरुवारी आलेलं पत्र मी उघडणार नाही.

ताई